कोपलंडचा ‘ड्युओ’ शिकताना

अमेरिकन रचनाकार ॲरन कोपलंड यांच्या ‘ड्युओ फॉर फ्लूट अँड पियानो’ची सुरुवात फ्लूट एकटाच करतो. पियानोवादक हात मांडीवर ठेवून बसलेला असतो आणि फ्लूटवादकाने कुठल्याही आधाराशिवाय पहिला स्वर लावायचा असतो. मागे तानपुरा नाही, आधी पियानोने मोकळी करून दिलेली वाट नाही. लय मोकळी, बोलण्याच्या अंगाने जाणारी. श्रोत्यांमध्ये बसून ऐकताना हे सोपं वाटतं, कारण स्वर थोडे आहेत आणि बोटांची कसरत जवळजवळ नाही. पण थोड्या वेळाने पियानो आत येतो. पियानोचा सूर कुणासाठी हलत नाही. इतका वेळ फ्लूट नक्की कुठे होता, चढला होता की उतरला होता, ते त्या पहिल्या स्वरमेळाबरोबर, म्हणजे एकत्र वाजलेल्या स्वरांबरोबर, सगळ्या सभागृहाला कळतं.

गेलं वर्षभर मी ही कृती शिकत होते. राहते फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरात, नोकरी संगीताशी संबंध नसलेली. लहानपणी सांगलीत काही वर्षं बासरी शिकले होते. इथे आल्यावर, तिशी उलटून गेल्यावर, धातूचा फ्लूट हातात घेतला आणि मग तो सुटला नाही. ‘ड्युओ’ वाजवायची इच्छा खूप दिवसांपासून होती. माझ्या फ्लूटच्या सरांकडे विषय काढला तेव्हा त्यांनी नकार दिला नाही, पण कोपलंड यांनीच या कृतीबद्दल काय लिहून ठेवलंय ते सांगितलं. वाजवणाऱ्याला गोडी वाटेल अशी रचना करायचा आपला प्रयत्न होता, मात्र ती हौशी वादकाला पेलणारी नाही, तिला चांगलाच वादक लागतो, असा त्यांच्या म्हणण्याचा भाव आहे.

मी हौशीच आहे. ते ऐकून मला वाईट वाटण्यापेक्षा कुतूहल जास्त वाटलं. कारण स्वरलिपी उघडून पाहिली तर फ्लूटसाठीच्या कितीतरी कृती यापेक्षा अवघड दिसतात. रॉबर्ट मुचिन्स्की किंवा लोवेल लीबरमन यांचे सोनाटे पाहिले की कागद काळा झालेला असतो. इथे पानांवर भरपूर पांढरी जागा आहे. मग अवघड आहे ते काय आणि कुठे, हे मला शोधायचं होतं.

या शहरात राहून ही कृती शिकायची ठरवली त्यालाही कारण होतं. ती इथलीच आहे. विल्यम किन्केड हे 1921 ते 1960 पर्यंत फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राचे प्रमुख फ्लूटवादक होते. लिओपोल्ड स्टोकोव्स्की संचालक असताना ते आले आणि जवळजवळ चाळीस वर्षं त्या खुर्चीवर बसले. इथल्याच कर्टिस इन्स्टिट्यूट या संगीतशाळेत त्यांनी पिढ्या घडवल्या. अमेरिकेतल्या मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांमध्ये त्यांचेच विद्यार्थी पसरले. 1967 मध्ये ते वारले. त्यानंतर त्यांच्या सुमारे सत्तर शिष्यांनी आणि मित्रांनी मिळून पैसे उभे केले आणि गुरूच्या स्मरणार्थ कोपलंड यांच्याकडून ही रचना करवून घेतली. पहिला प्रयोग 3 ऑक्टोबर 1971 रोजी फिलाडेल्फियातच झाला, सेटलमेंट म्युझिक स्कूलच्या मदतीसाठी. फ्लूटवर होत्या किन्केड यांच्या शिष्या एलेन शाफर आणि पियानोवर हेफ्झिबा मेन्युइन. आपल्याकडे रविशंकरांबरोबर व्हायोलिन वाजवणारे येहुदी मेन्युइन सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांची ही बहीण, आणि स्वतः उत्तम पियानोवादक.

इथे घराणं हा शब्द वापरत नाहीत, पण मला या सगळ्यात घराणंच दिसतं. किन्केड यांचे गुरू जॉर्ज बारेर. 1894 मध्ये पॅरिसला फ्रेंच रचनाकार दब्यूसीच्या ‘फॉन’ या ऑर्केस्ट्रा-कृतीचा पहिला प्रयोग झाला तेव्हा सुरुवातीचे ते प्रसिद्ध फ्लूटचे स्वर वाजवणारे. बारेर यांचे गुरू पॅरिसचे पॉल ताफानेल. तिथून बारेर न्यूयॉर्कला आले, किन्केड त्यांच्याकडे शिकले, किन्केड यांच्याकडे शाफर. बारेर यांच्याकडे प्लॅटिनमचा फ्लूट होता. त्यासाठी रचनाकार एडगार वारेझ यांनी 1936 मध्ये एकट्या फ्लूटसाठी रचना लिहिली आणि तिला प्लॅटिनमच्या घनतेवरून ‘डेन्सिटी 21.5’ हे नाव दिलं. किन्केड यांच्याकडेही प्लॅटिनमचाच फ्लूट होता, बोस्टनचे फ्लूट बनवणारे पॉवेल यांनी 1939 च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनासाठी बनवलेला. तो त्यांनी मागे ठेवला शाफर यांच्यासाठी. गुरूचं वाद्य शिष्येकडे आणि गुरूच्या नावाने लिहिलेली कृतीही पहिल्यांदा तिनेच वाजवायची. शाफर त्यानंतर फार जगल्या नाहीत. 1973 मध्ये त्या गेल्या. त्याआधी खुद्द कोपलंड यांना पियानोवर घेऊन त्यांनी या कृतीचं ध्वनिमुद्रण केलं, हे आपलं भाग्य.

स्वरलिपी विकतच घ्यावी लागली. कोपलंड 1990 मध्ये वारले, कृती 1971 सालची, त्यामुळे ती अजून स्वामित्वहक्काखाली आहे आणि बाखच्या जुन्या कृतींसारखी फुकट उतरवून घेता येत नाही. पाकिटात दोन गोष्टी येतात. फ्लूटवाल्याला एक पातळ वही, तिच्यात फक्त त्याची ओळ. पियानोवाल्याला जाड पुस्तक, त्यात पियानोच्या दोन ओळी आणि त्यांच्या डोक्यावर बारीक अक्षरात फ्लूटची ओळ. म्हणजे पियानोवादकाला पहिल्या दिवसापासून दोघांचं सगळं दिसत असतं आणि फ्लूटवादकाला फक्त स्वतःचं. माझ्या वहीत मधूनमधून नुसती रिकामी मापं (मात्रांचे ठरावीक गट) आहेत, वर एक आकडा: इतकी मापं थांब. त्या वेळात पियानो काय करतो याचा पत्ता नाही.

सरांनी ती पातळ वही माझ्याकडून काढून घेतली आणि जाड पुस्तकावरूनच शिकायला सांगितलं. पान लवकर संपतं, सारखं उलटावं लागतं, उभं राहून बारीक ओळ वाचताना डोळे ताणतात. तरी पहिले काही महिने तसंच चाललं. वर्षभरातला हा सगळ्यात कामाचा सल्ला होता.

पहिला भाग सलग, वाहता वाजवायचा आहे. त्यातली सुरुवातीची फ्लूटची एकट्याची ओळ मी घरी रोज सकाळी घोळवत बसायचे. तिच्यात षड्ज-पंचम आणि षड्ज-मध्यम अंतराच्या मोकळ्या उड्या आहेत. कोपलंड यांचं संगीत ऐकलेल्या कुणालाही त्या ओळखीच्या वाटतील. 1946 च्या तिसऱ्या सिंफनीची सुरुवात आठवते, मोठं उघडं माळरान डोळ्यांपुढे येतं. खरं तर कोपलंड ब्रुकलिनचे, दुकानदाराच्या घरातले, पॅरिसला नादिया बूलान्जे यांच्याकडे शिकलेले. माळरान त्यांनी कानाने घडवलं.

माझ्या बासरीच्या कानाला पहिल्यांदा हा आलाप वाटला. लय मोकळी, ताल नाही, एकटं वाद्य. पण आलापात पुढचा स्वर माझा असतो. मी गंधारावर रेंगाळले तर रेंगाळले. इथे प्रत्येक स्वर ठरलेला आहे, त्याची लांबीही बऱ्यापैकी ठरलेली, आणि मोकळीक आहे ती फक्त श्वासाएवढी. शिवाय बासरीवर मी पंचमाकडे मींडेने जाईन, बोट हळूहळू उचलत. बोएमच्या पद्धतीच्या, म्हणजे आजच्या धातूच्या फ्लूटवर, भोकं झाकणाऱ्या किल्ल्या आहेत. स्वर एकतर हा नाहीतर तो. मधली वाट नाही म्हणून उडीच्या दोन टोकांमध्ये जिवंतपणा ठेवायचा तो केवळ हवेने. पहिला स्वर संपत असताना हवा थांबू द्यायची नाही, दुसऱ्याच्या दिशेने ती आधीच निघालेली हवी. सर सांगायचे की फुंक एकच आहे असं समज, स्वर तिच्यावर बसलेले आहेत.

फ्लूटच्या स्वभावाचीही यात परीक्षा होते. हळू फुंकलं की सूर उतरतो, जोरात फुंकलं की चढतो. मधल्या सप्तकाच्या तळाशी जो सी शार्प आहे तो बहुतेक सगळ्या फ्लूटवर चढा आणि पोकळ लागतो, कारण जवळजवळ सगळी नळी उघडी असते. ओठांचा कोन बदलून, जबडा किंचित पुढेमागे करून हे सगळं सांभाळायचं. तानपुरा मागे असेल तर चूक लगेच कळते. इथे कळत नाही, पियानो येईपर्यंत. म्हणून मी ट्यूनर यंत्र बंद करून एक वेगळा रियाझ धरला: पूर्ण ओळ एकटीने वाजवायची आणि शेवटच्या स्वरावर थांबून मगच पियानोवर तो स्वर दाबून पाहायचा. दोन्ही जुळले तर पुढे. आठवडेच्या आठवडे याच्यातच गेले आणि त्याचा मला अजिबात कंटाळा आला नाही. इतक्या थोड्या स्वरांकडे इतकं लक्ष मी बासरी शिकतानाही दिलं नव्हतं.

पियानोवर ज्या होत्या त्या माझ्यापेक्षा वयाने खूप मोठ्या. आयुष्यभर चर्चमध्ये ऑर्गन वाजवलेला, पियानो घरी स्वतःच्या आनंदासाठी. मी त्यांना मनातल्या मनात ‘बाई’च म्हणते. पहिल्या तालमीत मी नेहमीच्या सवयीने पुढे तोंड करून उभी राहिले. गायक पुढे, साथीदार मागे, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. हार्मोनियमवाला आपल्या मागोमाग येणार, आपण जिथे थांबू तिथे थांबणार. बाईंनी मला पियानोच्या खळगीत, त्यांच्याकडे थोडं वळून उभं केलं, म्हणजे फ्लूटचं टोक आणि माझा खांदा त्यांना दिसेल. “मी तुझ्या मागे येणार नाही,” त्या म्हणाल्या. “काही ठिकाणी तूच माझ्या मागे यायचं आहेस. ती ठिकाणं आधी शोधू.”

आम्ही ती खरोखरच पेन्सिलने शोधत बसलो. पुस्तकात कंस घातले: इथे चाल फ्लूटकडे, इथे पियानोकडे, इथे दोघांकडे आणि कुणीच पुढे नाही. पहिल्या भागात मला सगळ्यात कठीण गेलं ते जिथे चाल पियानोच्या उजव्या हाताकडे जाते आणि फ्लूटकडे लांब धरलेला स्वर असतो. लांब स्वर सुंदर लावायचा, पण तो मागे ठेवायचा. फ्लूटची वरची पट्टी सहज टोचते. ती हळू वाजवायची तर हवा कमी करून चालत नाही, कारण मग सूर उतरतो. हवेचा वेग तोच ठेवून ओठांमधली फट लहान करायची. हे जमायला ओठांमध्ये ताकद लागते आणि ती रोज थोडी थोडीच वाढते.

मग उलटा अभ्यास सुरू झाला. बाई पियानो वाजवता वाजवता फ्लूटची ओळ गुणगुणायच्या; माझ्याकडे पियानोचा ताल टाळीने द्यायचं काम. मी फ्लूट खाली ठेवून फक्त डाव्या हाताचा भाग टाळीने दिला, मग फक्त उजव्याचा. पियानोचा डावा हात कुठे मात्रेच्या आधी पडतो आणि कुठे ती टाळून मागून येतो, हे हाताला कळल्याशिवाय माझी ओळ त्यावर नीट बसत नव्हती. आपल्याकडे तबल्याचे बोल तोंडाने म्हणायला लावतात ते याच कारणासाठी. इथे ठेका मात्र नाही. मात्रांचे गट सरकत राहतात, जोर भलत्याच ठिकाणी येतो, आणि सम म्हणावी अशी जागा दोघांनी मिळून ठरवावी लागते.

दुसऱ्या भागाबद्दल मला जास्त सांगायचं आहे, कारण माझं मन त्यातच अडकून आहे. कोपलंड यांनी तो काव्यमय आणि काहीसा शोकाकुल वाजवायला सांगितला आहे. हा भाव आपण स्वतःशी जोडतो, काहीशी उदास, हुरहूर लावणारी मनःस्थिती, असं त्यांनी लिहिलं आहे. सत्तरीतला माणूस, दुसऱ्याच्या गुरूसाठी स्मरणरचना करताना स्वतःचं असं काही तिच्यात ठेवून जातो, हे मला फार मोलाचं वाटतं. 1960 च्या दशकात त्यांनी ‘कनोटेशन्स’ आणि ‘इनस्केप’सारख्या बारा स्वरांच्या पद्धतीच्या (सप्तकातले बाराही स्वर ठरलेल्या क्रमाने, कुणालाही सा न मानता) करड्या कृती लिहिल्या होत्या. ‘ड्युओ’मध्ये ते पुन्हा गाण्याकडे आले. फ्लूटच्या अंगातच गाणं आहे, त्याला मोठी कृती लिहायची तर त्याला गाऊ देण्यावाचून दुसरं काय करणार, असं त्यांचं म्हणणं होतं. जुन्या वह्यांमध्ये 1940 च्या दशकापासून पडून असलेलं काही साहित्यही त्यांनी इथे वापरलं. पण हा मधला भाग पूर्णपणे जुन्या वळणाचा नाही. त्याची मुख्य कल्पना 1950 च्या त्यांच्या पियानो क्वार्टेटच्या सुरुवातीशी नातं सांगते, आणि तिच्यात पूर्णस्वरांच्या रांगेचा रंग आहे.

ही पूर्णस्वरांची रांग आपल्या भाषेत मांडली तर अशी: सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी. सगळे स्वर सारख्याच अंतरावर. पंचम नाही, शुद्ध मध्यम नाही. गंमत अशी की यातल्या कुठल्याही स्वराला सा मानलं तरी त्याचा पंचम रांगेत सापडत नाही. म्हणजे कान जिथे टेकू पाहतो तिथे खालून आधार मिळतच नाही. मारव्यात गायक सा टाळत राहतो तेव्हा पोटात जी कालवाकालव होते, तिच्या जवळ जाणारं काहीतरी मला इथे जाणवलं. मारव्यात निदान तानपुरा सा म्हणत असतो. इथे तोही नाही. पहिल्या भागातल्या त्या मोकळ्या पंचमांनंतर हे येतं, म्हणून ते इतकं लागतं.

या भागात पियानो विरळ आहे. एक स्वरमेळ वाजतो आणि विरत जातो, त्यावर फ्लूट. बाईंना इथे त्यांचा ऑर्गन आड येईल असं मला वाटलं होतं, कारण ऑर्गनचा स्वर बोट उचलेपर्यंत तसाच राहतो आणि पियानोचा जन्मल्या क्षणापासून मरायला लागतो. झालं उलटंच. आयुष्यभर न विरणाऱ्या स्वरांबरोबर राहिल्यामुळे विरणारा स्वर त्या माझ्यापेक्षा लक्ष देऊन ऐकत. एका स्वरमेळावर त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, तू लगेच आत येतेस. हा स्वर अर्धा उतरू दे, मग तुझा हळू स्वरसुद्धा ऐकू येईल, तुला जोर लावावा लागणार नाही. तसं केलं आणि माझा आवाज न वाढवताच पुढे आला. त्यानंतर मी फ्लूटच्या ओळीत बारीक खुणा केल्या, जोर वाढवण्याच्या किंवा कमी करण्याच्या नव्हेत, तर पियानोचा कुठला स्वर अजून शिल्लक आहे त्याच्या. उजव्या पेडलवर त्यांचा पाय अर्धाच कुठे उचलायचा, हेही आम्ही मिळून ठरवलं. माझा श्वास आणि त्यांचा पाय यांची अशी एकत्र तालीम होईल असं मला सांगूनही खरं वाटलं नसतं.

व्हायब्रेटोचा प्रश्नही याच भागात आला. फ्लूटवादक सवयीने प्रत्येक लांब स्वराला कंप देतात. शाफर यांचं वादन पुन्हा पुन्हा ऐकलं तेव्हा कळलं की स्वर आधी सरळ उभा राहतो, कंप त्यात नंतर येतो आणि काही स्वरांना येतही नाही. बासरीवर सरळ स्वराची सवय मला होतीच. इथे ती सवय उपयोगाला आली याचा मला मनापासून आनंद झाला.

तिसरा भाग चपळ, उसळता. त्याबद्दल थोडक्यातच सांगते, कारण त्यातलं काम बरंचसं हातापायांचं आहे. चाल सा-ग-प अशा साध्या स्वरमेळावर उभी, लोकनृत्याच्या अंगाने जाणारी, ‘रोडिओ’ आणि ‘ॲपलेचियन स्प्रिंग’ हे बॅले लिहिणाऱ्या कोपलंड यांची आठवण करून देणारी. जिभेने स्वर तोडायचे ते कोरडे आणि हलके हवेत. जीभ जड पडली की उसळी जाते. मेट्रोनोम संथ ठेवून, बाई फक्त डावा हात वाजवताहेत, असं आम्ही सुरू केलं आणि वेग वाढवायची घाई केली नाही. एक गोष्ट मात्र कानाची होती. पियानोचा गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (सेंट म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) चढा असतो, कारण पियानोत सप्तकाचे बारा भाग अगदी सारखे केलेले असतात. माझा कान तानपुऱ्याचा. एकटी वाजवताना मी गंधार सहज खाली लावते आणि तो मला गोड लागतो. पियानोवर तोच स्वर एकाच वेळी वाजत असेल तर मात्र मला वर जावंच लागतं. कुठे पियानोत गंधार आहे आणि कुठे तो मोकळा सोडलेला आहे, हे पुस्तकात पाहून ठेवलं. जिथे मोकळा आहे तिथे मी माझा गंधार लावते.

कार्यक्रम इथल्या एका वाचनालयाच्या छोट्या सभागृहात होता, हौशी वादकांचा. बाहेर कडाक्याची थंडी. फ्लूट थंड असला की सूर उतरतो, आतली हवा तापेल तसा चढत जातो; आणि ‘ड्युओ’ सुरू होतो तो नेमका एकट्या फ्लूटने. म्हणून आम्ही तो पहिला ठेवला नाही. आधी बाखचा एक संथ भाग वाजवला, त्यात वाद्य अंगाला लागलं, मग मी किल्ल्यांवर बोटं मिटून, स्वर न काढता नळीत ऊब भरत उभी राहिले आणि सुरू केलं. पियानोचं झाकण आखूड दांडीवर, अर्धंच उघडं. सगळी कृती सुमारे चौदा मिनिटांची. पियानो आत आला तेव्हा आमचे सूर जुळले होते. बाईंनी मान वर केली नाही, पण त्यांच्या खांद्यांवरून मला ते कळलं.

कोपलंड यांना चांगला वादक का हवा होता, ते मला आता माझ्यापुरतं उमगलं आहे. यातले स्वर वाजवता येणं ही तयारी फार तर निम्मी. उरलेली तयारी म्हणजे समोरच्याची ओळ आपल्याला पाठ असणं, आणि ती पाठ असताना आपली ओळ तिच्यासाठी क्षणाक्षणाला बदलायला तयार असणं. द्रुत ताना घोटून घेता येतात, हे घोटून येत नाही. ज्यांना ही कृती शिकायची असेल त्यांना मी एवढंच सुचवेन की सुरुवात मधल्या भागापासून करा, आणि पातळ वही बरेच दिवस उघडू नका. शाफर आणि कोपलंड यांचं ध्वनिमुद्रण ऐकताना एकदा फ्लूट विसरून फक्त कोपलंड यांच्या हातांकडे कान द्या. सत्तरीच्या त्या हातांमध्ये कुठेही दिमाख नाही, पण प्रत्येक स्वरमेळाला त्याचं ठरलेलं वजन आहे.

कार्यक्रमानंतर आमचं काम थांबलेलं नाही. दुसऱ्या भागाच्या लयीवरून बाईंचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, तो आणखी संथ हवा, स्वरमेळ विरायला पूर्ण वेळ मिळाला पाहिजे. माझं म्हणणं, त्याहून संथ गेलं तर फ्लूटची ओळ एका श्वासात पुरी होत नाही, मध्ये तोडावी लागते आणि तोडली की शोक राहतो पण गाणं जातं. त्या म्हणतात, श्वास वाढव. मी म्हणते, पियानोच थोडा लवकर विरू द्या, पेडल आधी सोडा. पुढच्या महिन्यात पुन्हा वाजवायचं आहे, म्हणून सध्या आम्ही प्रत्येक तालमीत तो भाग दोनदा वाजवतो, एकदा त्यांच्या लयीत आणि एकदा माझ्या.